अक्काच्या रक्तातला भागाकार

माझी थोरली बहीण वालूरला दिलेली. तिचं पोट फुगायला लागलं, दोन घासांत भूक मरायला लागली, तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. संपल्या की पुन्हा त्याच. अंगात वात धरलाय म्हणत अक्का कापूस वेचत राहिली. शेवटी परकराची नाडी पुरेना झाली, तेव्हा दाजी तिला परभणीला माझ्याकडे घेऊन आले. सोनोग्राफीनंतर तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. आम्ही तिला संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

ऑपरेशनच्या आधी रक्ताचा रिपोर्ट चाळताना तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "यांच्या शरीरात दाह बराच दिसतोय."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

मी शाळेत गणित शिकवते, हे कळल्यावर तिनं मोकळेपणानं समजावून सांगितलं. पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या जाती असतात. त्यातली एक दाह असला की वाढते, दुसरी कॅन्सरशी झुंजायला मदत करते. पहिलीच्या संख्येला दुसरीनं भागायचं. उत्तर मोठं आलं, तर हा कॅन्सर असलेल्या बायकांमध्ये आजार पुढं बळावण्याचा धोका जास्त असतो. अक्काचं उत्तर मोठं होतं.

"मग त्यावर वेगळं औषध द्याल का?"

"नाही. उपचार तेच राहतील."

"मग हे मला सांगितलं कशाला?"

ती गोंधळली. "तुम्ही विचारलंत म्हणून."

त्या दिवसापासून तो भागाकार माझ्या मानगुटीवर बसला. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली. दर वेळच्या रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला की स्टाफरूममध्ये, रिक्षात, भाजीच्या पिशव्या हातात असताना मी आधी भागाकार करायची. आकडा उतरत गेला. मी दाजींना फोन करून सांगायची. ते "बरं" म्हणायचे आणि मग विचारायचे, "पण तिला अन्न कामून जाईना मग?" मी पुन्हा आकडाच सांगायची.

किमो संपायला आली आणि आकडा एकदम उसळला. मी मुख्याध्यापकांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि तडक वालूर गाठलं. अक्का ओसरीत डाळ निवडत बसली होती. पदर गालावरून ओढून घेतलेला. मी तो बाजूला केला तर जबडा टम्म सुजलेला.

"हे काय?"

"दाढ. लय ठणकायली."

"आणि सांगितलं नाहीस?"

"किती सांगू गं? पोट सांगितलं, पाय सांगितले, केस गेलेले दिसायलेतच. आता दातबी सांगू का?"

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी दाढेसाठी औषध दिलं, सूज उतरल्यावर आकडाही उतरला. दाढ दुखली तरी तो वाढतो, सर्दी-तापानं वाढतो, किमोबरोबरच्या काही औषधांनीसुद्धा वाढतो, हे मला तेव्हा कळलं. तीच तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाली, "म्हणून तर आम्ही त्यावर उपचार ठरवत नाही." फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

उपचार संपले. पुढचे कित्येक महिने आकडा चांगला राहिला. अक्काच्या डोक्यावर बारीक केस आले, ती भाकरी करायला लागली. आणि नेहमीच्या तपासणीच्या स्कॅनमध्ये पोटात पुन्हा गाठी दिसल्या. त्या दिवशीचा आकडासुद्धा चांगलाच होता.

मी मोठ्या डॉक्टरांसमोर रक्ताचा आणि स्कॅनचा, दोन्ही रिपोर्ट ठेवले. आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. "हे बघा. आकडा उतरला होता. मग हे कसं?"

त्यांनी चष्मा काढला. "ताई, अशा पुष्कळ बायकांचं एकत्र बघितलं तर या आकड्याला अर्थ आहे. तुमच्या एका बहिणीचं काय होणार, ते तो सांगत नाही."

अक्का शेजारीच बसली होती. तिनं माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. "उगं बस. सायबाला काय बोलायलीस? त्यांनी केलंय का?" मग डॉक्टरांकडं वळून, "मला एवढंच सांगा, लेकीच्या बाळंतपणापस्तोर माझे हात चालतील का?"

"प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले.

आता दुसरी किमो चालू आहे. अक्काची लेक बाळंत झाली, मुलगी झाली. अक्काला बाळाला न्हाऊ घालायचं होतं, पण किमोनं बोटांना मुंग्या येतात, बाळ हातातून निसटेल म्हणून ती पाटावर बसून दुसऱ्यांना सूचना देते. पाणी लय कडक हाय म्हणते, टाळूला तेल जिरव म्हणते. परवा मी गेले तेव्हा सूचना देता देता ती मध्येच थांबली आणि भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. दाजी तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी सांगेन, असं त्यांना अजून वाटतं.