आई आज किती मोळ्या उचलेल?

आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नगरला झालं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे दवाखान्यातले सगळे कागद आपोआप माझ्या हातात आले. मला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. घरच्यांना मात्र तसं वाटत होतं, आणि त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

सिस्टर रोज सकाळी विचारायच्या, "मावशी, एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"दोन," आई म्हणायची. ड्रेसिंग करताना दोन. पहिल्यांदा उठवून चालवलं तेव्हाही, ओठ दाबून, दोन.

मी हळूच विचारलं, "आई, दहा म्हणजे किती गं?"

"दहा म्हंजे मानूस आडवं पडतंय."

"मग तू आडवीच आहेस की."

"मला ह्यांनी झोपवलंय. मी पडले न्हाई."

घरी सोडताना सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला पाहिजे. उलटं वाढायला लागलं, ताप आला, जखम लाल झाली किंवा त्यातून काही यायला लागलं, तर वाट बघायची नाही. फोन करायचा." मी मान हलवली. पण जीपमध्ये बसल्यावर प्रश्न पडला. आईचं दुखणं कायम दोनच असेल तर वाढलेलं मला कळणार कसं?

आमच्याकडून दरवर्षी लोक ऊसतोडीला जातात, आई आणि दादा, म्हणजे माझे वडीलही जातात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, हे आईचं निम्म्या वर्षाचं काम. म्हणून घरी पहिल्या सकाळी मी विचारलं, "आज उसाच्या फडात असतीस तर किती मोळ्या उचलल्या असत्यास? उचलायचं काही नाही, नुसतं सांग."

आई पहिल्यांदाच विचारात पडली. "आज? पाव."

मी अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, पाव. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "एक. पन तुझ्या बापानं बांधलेली. ती ढिली आसती."

"आता पोटाला टाके हायेत म्हनून ऐकून घेतोय," दादा म्हणाले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, अर्धी. मला वाटलं, रात्री झोप नसेल झाली. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "मोळीचं नाव काढू नको." शेजारच्या काकू बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आल्या. एरवी पाहुणं आलं की उठून बसणारी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. पट्टीच्या कडेची कातडी लाल आणि टणक झाली होती.

"टाकं वाळताना वढ बसतीच," काकू म्हणाल्या. "हळद लाव."

"दोन दिस बघू," दादा म्हणाले. "पोट फाडलंय, दुखनारच."

दोघंही माझ्यापेक्षा मोठी. दोघांनी माझ्यापेक्षा जास्त दुखणी पाहिलेली. मी वही घेऊन ओट्यावर गेले. फोनवर काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं आणि नंबर लावला. सिस्टरच होत्या.

"कालपेक्षा जास्त दुखतंय का?"

"हो. परवा एक मोळी होती, काल अर्धी झाली, आज काहीच नाही."

सिस्टरनी विचारलं, "काय नाही?"

माझे कान तापले. सगळं सांगितलं, ताप सांगितला, लाली सांगितली. त्या हसल्या नाहीत. "हळद वगैरे काही लावू नका. आत्ताच निघा."

जीपवाल्यानं आईला पुढची सीट दिली. प्रत्येक खड्ड्याला ती घरून आणलेली उशी पोटाशी धरायची आणि मी डोळे मिटायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन टाके काढले, आतला पू काढून जखम धुतली. "आज आलात ते बरं केलंत," म्हणाले. "जंतू वरच होते, आत पसरले नव्हते." दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते माझ्यासाठी चहा आणायला गेले. याआधी दादांनी माझ्यासाठी कधी चहा आणलेला मला तरी आठवत नाही.

नंतर काही दिवस आम्ही ड्रेसिंगला जात होतो. ताप उतरला. आईचा आकडा पाववरून दीडवर आला. एकदा सिस्टरनीच विचारलं, "मावशी, आज किती मोळ्या?"

"दोन. वर तुमाला बसवून."

सिस्टर हसत हसत चिमट्यानं जुना कापूस ओढू लागल्या. आईनं एकदम त्यांचं मनगट धरलं.

"हळू, बाई. ह्ये सहा हाय."

मला इतका आनंद झाला की मी चुकून मोठ्यानं हसले, आणि आईनं मला एक शिवी दिली.