डेमोच्या दिवशी कॉम्प्युटर

दुपारी चारला माझा डेमो होता आणि सकाळपासून कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता.

पोरांच्या शाळांपायी सोडलेलं शिकवण्याचं काम मला परत हवं होतं. एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी अर्धा तास केमिस्ट्री शिकवून दाखवायला सांगितलं होतं, तेही कॉम्प्युटरवरूनच; मोबाईल चालणार नव्हता. आमचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. दसऱ्यापासून हे नवीनच सुरू झालं. थोडा वेळ नीट चालायचा आणि फटकन स्क्रीन काळी.

"भिया, ड्रायव्हर सगळे टाकून बघितले, फिर भी बंद होतोय," नवरा फोनवर मित्राला सांगत होता. मित्र म्हणेल ते करत होता. अपडेट काढले, परत टाकले. फोन कानाला लावूनच, चाचपडत रॅम काढून खोडरबराने घासली.

"बरा चालत होता तसा चालू द्यायचा ना! कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडले.

"तूच," तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

जेवणं तशीच राहिली. पुन्हा स्क्रीन गेली तेव्हा मी तणतणत कॅबिनेट पुढे ओढलं. ते तव्यासारखं तापलं होतं. आत वाकून पाहिलं, तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांत कुंकू लावलेल्या अक्षता अडकलेल्या!

आमच्याकडे दसऱ्याला शिलाई मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. नवऱ्याने पूजेआधी धूळ झटकायला काढलेलं कॅबिनेटचं झाकण परत लावलंच नव्हतं, आणि सासूबाईंनी कॉम्प्युटरवर सढळ हाताने अक्षता वाहिल्या होत्या. आम्ही दोघं मात्र सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो.

"अगं, तुझं काम व्हावं म्हणून तर जरा ज्यादा वाहिल्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांच्यावर चिडणं मला जमलं नाही.

चिमट्याने एकेक दाणा काढला. पंखा फिरला. बराच वेळ झाला तरी कॉम्प्युटर चालूच. "देख, हो गया ना! आता बस बिनधास्त," नवरा खूश होऊन म्हणाला.

मी मात्र खूश झाले नाही. आरडाओरडा केला खरा, पण बंदच पडला तर बरं, असं मला मनातून वाटत होतं. मग मशीनने दगा दिला म्हणून सांगता आलं असतं. आता तेही गेलं. इतक्या वर्षांनी मला शिकवताच आलं नाही तर? फार भीती वाटली.

चारला स्क्रीनवर तीन अनोळखी चेहरे आले. त्यांनी सुरू करायला सांगितलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

"मॅडम, आपकी आवाज़ नहीं आ रही," त्यातले एक म्हणाले. "कंप्यूटर में कुछ प्रॉब्लेम है क्या?"

आयती सबब समोर आली होती.

"नहीं सर," मी म्हणाले, "कंप्यूटर ठीक है." आणि शिकवायला लागले.