थेंबवाल्या मॅडमचा शेक

यंत्रावर पोट भरणारी आणि तरीही यंत्रावर काडीचा विश्वास नसलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली. आम्ही त्यांना थेंबवाल्या मॅडम म्हणायचो. दिघीतल्या एका लहानशा इस्पितळात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. सकाळी आल्या की पदर खोचून दुखऱ्या कमरेवर फिरवायच्या अल्ट्रासाउंडच्या यंत्राचं ते गोल डोकं उताणं धरायच्या, त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायच्या आणि बटण दाबायच्या. थेंब उकळल्यासारखा थरथरला, की "हं, आज जागं आहे" म्हणून पहिला पेशंट आत घ्यायच्या. नाही थरथरला तर ते यंत्र दिवसभर कोपऱ्यात. "दिवा लागला म्हणजे लहरी निघाल्या असं कुणी सांगितलं?" असं त्या विचारायच्या, आणि समोरच्याला उगाच आपणच यंत्र बिघडवल्यासारखं वाटायचं.

त्यांचं दुसरं भांडण एका शब्दाशी होतं. आम्ही सगळे त्या उपचाराला शेक म्हणायचो. "मॅडम, आज शेक जरा जास्त द्या की," असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम थांबवायच्या. "शेक नाही हो. शेक तुमच्या घरी, तव्यावर फडकं गरम करून. या लहरी आहेत. आवाजाच्या लहरी, कानाला न ऐकू येणाऱ्या." माणूस मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी दारातून विचारायचा, "शेकाला किती नंबर आहे?" मीही त्यातलीच.

मी तेव्हा चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत होते. आठ तास उभं राहून वायरींचे जुडगे बांधायचे आणि कंपनीच्या बसने दिघीला यायचं. कंबर अशी धरायची, की बसच्या पायरीवरून उतरताना मला न्यायला आलेल्या सासूबाईंचा हात लागायचा, आणि त्या माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या! शेवटी त्याच मला इस्पितळात घेऊन गेल्या.

मॅडमचं तेव्हा संशोधन चालू होतं. वीस वर्षं त्या हे यंत्र लोकांच्या कमरेवर फिरवत होत्या आणि वीस वर्षं त्यांना एकच शंका खात होती: गुण येतो तो यंत्राने, की व्यायामाने, की कुणीतरी मायेने पाठीवरून हात फिरवल्याने? म्हणून व्यायाम सगळ्यांना सारखाच, पण यंत्राला दोन बटणं, प्रत्येकाला त्यातलं एक ठरलेलं. दोन्हींनी दिवा लागायचा, घड्याळ चालायचं, मात्र लहरी एकानेच निघायच्या. कोणत्या, ते शेक देणाऱ्या सुनीताताईंना माहीत नव्हतं आणि मॅडमनाही. थेंब टाकला असता तर क्षणात कळलं असतं. म्हणूनच त्यांनी त्या एका यंत्राला थेंब लावायचं सोडलं. तपासायला बाहेरचा माणूस यायचा. कुणाला काय मिळालं त्याची बंद पाकिटं सांगवीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कपाटात. हे सगळं मॅडमनी मला नीट समजावलं, सही घेतली. मला एवढंच कळलं की शेक मिळेल किंवा मिळणार नाही.

सही घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?"

माझ्या आधी सासूबाईच बोलल्या, "न्हाई न्हाई, आजून कुठलं!"

मी मान हलवली. खरं म्हणजे पाळी चुकून दहा-बारा दिवस झाले होते आणि घरी केलेल्या तपासणीत दोन रेघा आल्या होत्या. पण आमच्यात तीन महिने होईपर्यंत पोटातलं बाहेर सांगत नाहीत, दृष्ट लागते. त्यातून आधीचं एक दुसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे सासूबाई जास्तच जपत होत्या. आणि शेक तो शेक, गरम पाण्याची पिशवी काय नि हे काय, असं आम्हा दोघींनाही वाटलं. लबाडी करायची म्हणून केली नव्हती हो.

सहा वेळा मी कमरेवर ते यंत्र फिरवून घेतलं. "काय लागतंय?" असं सुनीताताईंनी विचारलं की मी ठणकावून सांगायची, "गरम लागतंय. मस्त!" कंपनीत लाइनवरच्या बायकांना तर मी त्या शेकाची जाहिरातच करत होते. सातव्या दिवशी बाकावर बसले असताना शेजारच्या बाईला सुनीताताई म्हणाल्या, "तुम्हाला दिवस गेलेत ना, मग कमरेला हे यंत्र लावत नाहीत. पोटातल्या बाळाला धोका नको."

पडदा सरकवून मी मॅडमसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं ओकले. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"बाळाला काही झालं असेल का?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "डोस कमी होता, बहुतेक काही झालं नसेल. पण गरोदर बायकांवर कुणी हे तपासून पाहत नाही, म्हणून खात्रीने सांगता येत नाही. मी खोटं सांगून तुमचं समाधान करणार नाही." मग म्हणाल्या, "आणि चूक तुमची नाही. सासूला शेजारी बसवून सुनेला हा प्रश्न विचारला, ती माझी चूक."

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला, रिक्षा बोलावली आणि मला घेऊन सांगवीला निघाल्या. वाटेत मी सगळ्या देवांना नवस बोलले. काही काही देवांना तर दोनदा. डॉक्टरांच्या दाराशी मॅडम थांबल्या. "आत तुम्ही एकट्याच जा. पाकिटात काय निघालं ते मला सांगायचं नाही. एकाचं कळलं की बटण कळलं, मग सगळ्यांचंच कळलं. इतक्या लोकांनी विश्वासाने कमरा दिल्यात मला."

डॉक्टरांनी पाकीट फाडलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं. "पोरी, तुझं बंद होतं. सहाही वेळा बंद."

माझ्या जिवात जीव आला. मी तिथेच रडले, आणि रडता रडता तोंडातून निघालं, "मग मला गरम काय लागत होतं?" डॉक्टर हसून हसून खोकले.

बाहेर आले तर मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या. "माझ्या पुढे येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा लपत नाही, मला कळेल." आम्ही रिक्षात तशाच बसलो. मी या बाजूला बघतेय, त्या त्या बाजूला. पण त्यांचा हात सबंध वाटभर माझ्या हातावर होता, आणि तो गार पडला होता. मला सारखं वाटत होतं, सांगून टाकावं. आपण सुटलो आणि ही बाई तशीच अडकून राहिली, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सासवा, नवरे, आया, सगळे दाराबाहेर. मॅडम बाईला एकटीला विचारायच्या, "शेवटची पाळी कधी आली?" संशोधन पुढे वर्षभराने संपलं. यंत्र चालू असलेल्यांना आणि बंद असलेल्यांना जवळपास सारखाच आराम पडला होता. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून छापायला दिलं. इस्पितळाच्या मालकांचं तोंड वाकडं झालं, त्यांनी नुकतंच नवीन यंत्र घेतलं होतं ना! मॅडम मात्र कमरेसाठी माणसांना व्यायामच शिकवत राहिल्या. गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन कराडला भावाकडे गेल्या. त्यांच्या निरोपाला मी दिघीभर पेढे शोधत फिरले आणि ऐन वेळी पुडा नुसता त्यांच्या हातात कोंबला.

पण मला त्या आठवतात त्या निकालाच्याही आधीच्या, माझी लेक सव्वा महिन्याची झाल्यावर तिला दाखवायला नेलं त्या दुपारच्या. पाकिटातलं त्यांना तोवर माहीत नव्हतं, आणि विचारणार तर त्या नव्हत्याच. त्यांनी पोरीला टेबलावर ठेवलं, दुपट्यातून सोडवलं. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली, पालथी करून पाठीच्या कण्यावरून एक बोट हळूच खालपर्यंत नेलं. पोरीने भोकाड पसरलं.

"मॅडम, डॉक्टरांनी सगळं बघितलंय. छान आहे ती," मी म्हटलं.

"असेल हो. मला बघू द्या."

त्यांनी बोटं परत एकदा मोजली. मग पोरीला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि जवळजवळ नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"आता मला झोप लागेल," मॅडम म्हणाल्या.