चाखल्याशिवाय फवारायचं नाही

धंदा करून बुडालेली माणसं बीड जिल्ह्यात हवी तितकी सापडतील. पण साऱ्या गावानं जीव तोडून मदत केली म्हणून ज्याचा धंदा बुडाला असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. मूळचे धारूरकडच्या डोंगरातले, पण तिकडच्या जमिनीत पेरलं तरी दगड आणि न पेरलं तरी दगडच, म्हणून लग्नानंतर अक्काच्या माहेरी, तलवाड्याला येऊन राहिले. आणि एकदा माणूस गावचा जावई झाला की तो एका घराचा जावई राहत नाही. शाळेतल्या पोरांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणत. उंची बेताची, आवाज मात्र असा, की दाजी तलवाड्यात शिंकले तर गेवराईच्या स्टँडवर कंडक्टर बेल समजून गाडी सोडत. स्वभाव इतका मोकळा, की त्यांच्या पोटात पाणीसुद्धा फार वेळ टिकत नसे, तिथं गोष्ट काय टिकणार.

मी त्यांचा धाकटा मेहुणा. गेवराईत माझं शेतीच्या औषधांचं दुकान. औषध म्हणायचं ही आपली एक सभ्य पद्धत. डब्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली असतात, ती काही कंपनीच्या मालकाचा फोटो म्हणून नव्हे.

तेव्हा देश नुकताच खुला झाला होता. दाजी कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होते. तिथल्या रेडिओवर त्यांनी ऐकलं, की परवान्यांची कटकट गेली, आता ज्याला जो धंदा करायचाय त्यानं तो करावा. हे सगळ्या देशाला उद्देशून होतं, पण दाजींना वाटलं आपल्यालाच म्हणतायत. थेट दिल्लीहून निरोप आल्यावर काट्यावर बसून राहणं त्यांना अपमान वाटला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि उद्योजक व्हायचं प्रशिक्षण घ्यायला बीड गाठलं. परत आले ते छातीवर नावाचा बिल्ला लावून. तो बिल्ला त्यांनी पुढं कितीतरी दिवस काढला नाही. बैल धुताना बिल्ला, झोपताना बिल्ला. बोलण्यात नवे शब्द आले होते. भेटेल त्याला ते ग्राहक म्हणू लागले. अक्काला म्हणाले, "तू माझी पयली ग्राहक. आन ग्राहक म्हंजे राजा, असं सर म्हणालेत."

अक्का पीठ चाळत होती. ती म्हणाली, "मग राजा म्हणतोय, दळण संपलंय, गिरणीत जाऊन या."

धंदा कुठला, तर निंबोळीच्या अर्काचा. कडुलिंबाच्या झाडाला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी ते दारोदार उभं असतं आणि उन्हाळा सरता सरता निंबोळ्यांचा सडा पाडतं. त्या वाळवायच्या, कुटायच्या, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी पिळून गाळून ते पाणी पिकावर फवारायचं. अळीची भूक जाते, जमीन नासत नाही, विहिरीत विष उतरत नाही. हे सगळं मला ऐकवायला दाजी मुद्दाम दुकानात आले आणि शेवटी अगदी प्रेमानं म्हणाले, "मेहुणे, तुमचं दुकान बंद पाडायचा विचार हाय. राग न्हाई ना?" मी चहा मागवला. दुसरं काय करणार? आपल्या बहिणीचा नवरा.

राग अक्काला आला होता. तिनं दोन्ही पोरांकडं बघून एकच अट घातली. दिवाळीपर्यंत काय करायचं ते करा. दिवाळीला धंदा उभा राहिला नाही तर बिल्ला काढायचा आणि माझ्या भावाच्या दुकानात स्टुलावर बसून औषधं विकायची. दाजी कशालाच भीत नसत, पण त्या स्टुलाला भ्यायले. पुढं दुकानात आले की ते उभ्यानंच बोलत, आणि माझ्या स्टुलाकडं, तिथं कुत्रं बांधून ठेवलं असावं तसं, लांबून बघत.

विक्रीची त्यांची रीत मात्र कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. तलवाड्याच्या बाजारात पहिल्या दिवशी ते बादली घेऊन बसले, तेव्हा एकानं विचारलं, "यानं अळी मरंल वो, पण माणसाचं काय?" दाजींनी तोंडानं उत्तर दिलं नाही. म्हणजे तोंडानंच दिलं, पण बोलून नव्हे. खिशातून बशी काढली, तीत अर्क ओतला, सवयीनं त्यावर फुंकर मारली आणि चहासारखा फुर्र करून ओढला. मग मिशी पुसून म्हणाले, "बगा. मेलो का?"

"अजून तर न्हाई," समोरचा म्हातारा म्हणाला. "बसतो जरा."

आणि तो बसला. त्याचं बघून आणखी दहापाच जण बसले. बाजार उठेपर्यंत माणसं दाजींच्या तोंडाकडं बघत बसली होती, आणि दाजी मधूनमधून त्यांना धीर देत होते. तेव्हापासून बशी हा दाजींचा धंदाच झाला. ज्या बाजारात जातील तिथं आधी स्वतः प्यायचे. हळूहळू तो कडवटपणा त्यांच्या अंगात मुरला. त्यांच्या शेजारी झोपलेल्या माणसाला मच्छर चावत नसे, त्यामुळे लग्नाकार्यात दाजींशेजारची जागा लोक आधीच धरून ठेवत. त्यांना घाम आला तर सदऱ्याजवळून माशी वळसा घालून जाई. जिभेचं मात्र कायमचं वाटोळं झालं. एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मालकानं हौसेनं त्यांना गुलाबजाम दिला. दाजी बराच वेळ तो तोंडात घोळवत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगला हाय. पण अजून एक रात्र भिजवाया पायजे होता."

आता गावाची मदत. गावच्या जावयानं धंदा काढलाय म्हटल्यावर तलवाडा कंबर कसून उठलं. बायकांनी निंबोळ्या वेचल्या. लोहारानं कुटायला लोखंडी मुसळं करून दिली. मशिदीजवळच्या चाचांनी पाण्याची टाकी मोकळी केली. महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर निंबोळ्यांचं वाळवण इतकं पसरलं की पुजारी देवाला प्रदक्षिणा घालायला जवळजवळ वेशीपर्यंत जाऊन येई. आणि दाजी या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून साऱ्या कृतीचं कीर्तन करत. बीडच्या सरांनी बजावलं होतं, की धंद्यातली गुपितं कुणाला सांगायची नाहीत. दाजी तेही सांगत. "सर म्हणालेत, हे गुपित हाय, कुणाला सांगायचं न्हाई. तर बगा, निंबोळी अशी कुटायची, फडकं असं बांधायचं..." ज्याला कळलं नाही त्याला पुन्हा सांगत. ज्याला कळलं होतं त्यालाही, राहून जायला नको म्हणून, एकदा सांगत.

श्रावण सरला, कपाशीवर अळी पडली, दाजींनी डबे भरले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि एकही डबा हलेना. आठवडा गेला, पंधरवडा गेला. शेवटी अक्कानं शेजारणीला गाठलं. "काय गं, आमचा डबा कावून नेत न्हाई तुमी?"

"घरीच केलाय की," शेजारीण म्हणाली. "दाजींनीच शिकिवलाय. आन आक्के, जावयाकडून इकत घ्यायचं म्हंजे बरं दिसतं का?"

सगळ्या गावाचं तेच. प्रत्येक घरापुढं फडक्यातलं गाठोडं पाण्यात बुडालेलं. गावच्या धंद्यात प्रत्येक जण भागीदार झाला होता, गिऱ्हाईक व्हायला कुणी उरलंच नव्हतं. दाजींची अवस्था मोठी बघण्यासारखी झाली. संध्याकाळी नाचत घरी यायचे. "अगं, आज अजून चार घरांनी चालू केला."

"आन विकला किती?"

"ते जरा मागं हाय," दाजी म्हणायचे आणि बिल्ला सरळ करायचे.

माझीही विक्री तलवाड्यापुरती पार बसली होती, पण ते बोलायची सोय नव्हती. दिवाळी आली. भाऊबीजेला अक्कानं मला ओवाळलं आणि ओवाळणी काय हवी असं मी विचारलं तर म्हणाली, "ह्यांना कामाला ठेव." हसत म्हणाली, पण ताट खाली ठेवलं नाही. दाजी दारात उभे होते. त्यांनी बिल्ला काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दाजी पहिल्या एसटीनं दुकानात आले. बरोबर न विकलेले डबे. "असू द्या फळीवर," म्हणाले, "एखादा खपला तर खपला." आणि डोळे मिटून त्या स्टुलावर बसले. तुरीवर अळी पडायचे दिवस होते, दुकानात गर्दी. पहिलाच एक पोरगेला शेतकरी आला, तुरीसाठी जालीम काहीतरी द्या म्हणाला. दाजींनी डबा उचलला, त्यावरच्या कवटीकडं बघितलं, कवटीनं त्यांच्याकडं बघितलं.

"घरी लिंब हाय का?" दाजींनी विचारलं.

"हाय की. दारातच हाय."

"मग हितं कावून आलास बे? तिकीट काढून आलास न्हवं? बस खाली."

तो बसला. दुसरा आला, तोही बसला. दुपारपर्यंत माझ्या दुकानात शाळा भरली होती, आणि सबंध दिवसात विकला गेला तो एक उंदराचा पिंजरा. तोही दाजींची पाठ वळलेली असताना. कंपनीचा एक टाय लावलेला माणूस नवा माल दाखवायला आला होता, तोसुद्धा कोपऱ्यात बसून निंबोळी कशी कुटायची ते लिहून घेत होता. कामाच्या पहिल्याच दिवशी, भाऊबीजेच्या ओवाळणीला, कामावरून कसं काढायचं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दारात तलवाड्याचा ट्रॅक्टर येऊन थांबला.

ट्रॅक्टरमधून लोहार उतरला, निवृत्त गुरुजी उतरले, आणि दोघांनी धरून सरपंचांना उतरवलं. सरपंचांचा चेहरा कपाशीच्या फुटलेल्या बोंडासारखा पांढरा.

"दाजीला परत द्या," लोहार म्हणाला. "घरोघर अर्क तयार हाय, तूर हातची चाललीया, आन चाखायला कोणी न्हाई."

"चाखायला कशाला?" मी विचारलं. "नुसता फवारा ना."

तिघांनीही माझ्याकडं दयेनं पाहिलं. घरोघरी शिकवताना दाजी दर वेळी आधी पीत, मग फवारत, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा दाजींनी घोट घेतल्याशिवाय अर्काला गुण येत नाही, ही गोष्ट तलवाड्यात आता कुणी सिद्ध करून मागत नव्हतं. "काल दाजींनी बिल्ला उतरवला, म्हणून रात्री सरपंचांनी घोट घेतला," गुरुजी म्हणाले. "आज उठलेत." सरपंचांनी हात हलवून दुजोरा दिला, तोंड उघडायची त्यांची तयारी नव्हती.

मग लोहारानं गावाचा निर्णय सांगितला. दर सुगीला घरटी पायलीभर ज्वारी दाजींना. "बारा बलुतेदार व्हते, आता तेरावा."

"बलुतं म्हणू नका," गुरुजी म्हणाले. ते आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतले. आवाज चढला नाही, पण ट्रॅक्टरचं इंजिनसुद्धा जरा हळू झाल्यासारखं वाटलं. "ते बलुतं आमच्या वडिलांनी सोडलं, परत गावात आणायचं नाही. ही फी आहे. कामाची फी. दाजी पावती देतील."

लोहारानं मान डोलावली. "फी तर फी. ज्वारी तीच हाय."

दाजी स्टुलावरून उठले. खिशातून बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला, छातीवर लावला. मग माझ्याकडं वळून, एखाद्या गुणी नोकरासारखं विचारलं, "मेहुणे, नोकरी सोडू का?"

"दाजी," मी म्हणालो, "तुमी अजून तासभर थांबलात तर मलाच सोडावी लागंल."

पुढं कितीतरी वर्षं दाजी सकाळी बशी खिशात घालून घरोघर हिंडले. फुर्र करून घोट घ्यायचा, आभाळाकडं बघायचं, आणि निकाल द्यायचा: "जमला," नाही तर "पातळ हाय." चाखलं तेवढ्या घरी पावती. पावतीवर गुरुजींनी सुंदर अक्षरात मजकूर लिहून दिला होता, त्याखाली दाजींची सही, जी बिल्ल्यावरच्या नावापेक्षा मोठी असे. अक्काच्या घरी ज्वारी कधी कमी पडली नाही. आजूबाजूच्या गावांनी बोलावणी पाठवली, तेव्हा अक्काच आधी विचारी, "जायला-यायला कोण नेणार? फी काय?" प्रशिक्षण दाजींनी घेतलं होतं, धंदा अक्का शिकली.

आता दाजी थकलेत. बाजारच्या दिवशी एसटीनं गेवराईला येतात आणि सरळ येऊन त्या स्टुलावर बसतात, भीती गेलीय. मी चहा मागवतो, त्यांच्या कपात दुप्पट साखर घालायला सांगतो. दाजी बशीत ओततात, फुंकर मारतात, ओढतात आणि म्हणतात, "जरा पातळ झालाय. पण चालंल." मग मान वर करून फळीकडं बघतात. ते जुने डबे अजून तिथंच आहेत, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या.

"खपला का एखादा?"

"नाही दाजी."

"एकबी न्हाई?"

"एकबी नाही."

दाजींचा चेहरा हळूहळू उजळतो. "म्हंजे घरी करायलेत लोक," ते म्हणतात आणि उरलेला चहा समाधानानं संपवतात. गावात आता नवं बियाणं आलंय, नव्या बाटल्या आल्यात. घरापुढचं गाठोडं शेवटचं कधी दिसलं ते मला आठवत नाही. तलवाड्याचाच कुणी गल्ल्यापुढं उभा असतो. त्याच्या हातातला डबा मी अलगद काढून घेतो, कवटी आत जाईल असा कागदात गुंडाळतो, आणि दाजी बशी खाली ठेवेपर्यंत त्याला थांबायची खूण करतो. तोही थांबतो. सगळ्या गावाचे दाजी आहेत ते.