पडदेवाल्या काकूंचं विमान आणि लोखंडी दांडा

पडदेवाल्या काकूंनी विमानाच्या शेडसमोर धाकट्या दिराला लोखंडी दांड्याने बदडलं, ही बातमी पंधरा दिवस गावभर फिरत होती. टाके किती पडले यावर मात्र एकमत नव्हतं. न्हाव्याकडे तीन होते, औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत अकरा झाले.

काकूंचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या खोळींचं दुकान. नवरा गेल्यावर बाई आता मान खाली घालून बसणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. काकू बावन्नाव्या वर्षी विमान चालवायला शिकल्या आणि स्वतःच्या कमाईतून एक जुनं, दोन सीटचं विमान घेतलं. तेव्हापासून दिरांचा एकच पाढा: विका ते.

असलं चिमुकलं विमान शेडमधून हाताने ओढून काढतात. पुढच्या चाकाला दांडा अडकवायचा, ओढायचं, आणि इंजिन सुरू करण्याआधी दांडा काढायचा. त्या सकाळी काकूंनी विमान ओढलं, आत बसल्या, पट्टा लावला, किल्ली फिरवली. पंखा दांड्यावर आपटला. दांडा उडाला तो थेट दिरांच्या गाडीच्या काचेत. पंख्याचं एक पातं कुत्र्याच्या कानासारखं दुमडलं. फ्लाइंग क्लबच्या व्हरांड्यात चहा पिणारे आठ वैमानिक कपासकट उभे राहिले.

दीर धावत आले आणि आधी आवाज खाली आणला. "वहिनी, ऐका. दांडा मेकॅनिकने लावून ठेवला होता म्हणू. तुमचं नाव कुठे येणार नाही, मी बघतो. तुम्ही फक्त विमान विकायचं."

"मेकॅनिक आज आलेलाच नाही, भावजी."

"मग तर बरंच. नाही म्हणायला समोर आहे कोण?"

काकू तडक क्लबच्या ऑफिसात गेल्या. अपघाताच्या वहीत ठसठशीत लिहिलं: दांडा मी लावला, मीच काढायला विसरले.

सेक्रेटरी कळवळले. "काकू, हे असं लिहिलंत तर कमिटी शेडमधली जागा काढून घेईल. आसपास दुसरी धावपट्टी नाही. मग उडणार कुठून?"

"घेऊ दे काढून. पण मग मागची पानंही सगळ्यांसमोर वाचा. टाकीत पेट्रोल आहे का न बघता उडाले आणि बटाट्याच्या शेतात उतरले, ते कोण? चाकं बाहेर न काढताच पोटावर उतरले, ते कोण? त्यांची विमानं कुठल्या शेडमध्ये आहेत?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. पोटावर उतरलेले तेच.

व्हरांड्यातून एक जण म्हणाला, "काकू, खोळ शिवताना सुई तरी काढता ना?"

"तुमच्या खुर्चीची शिवेन तेव्हा राहू देईन."

जागा राहिली. इंजिन उघडून तपासण्यात चार महिने गेले. दुमडलेलं पातं काकूंनी दुकानाच्या दर्शनी काचेत पडद्यांमध्ये टांगलं, आणि विचारेल त्याला सगळी हकीकत सांगितली. पण मारामारीची गोष्ट लोकांना जास्त आवडायची. दीरही ती खोडत नसत. खोडली असती तर आपण तिथे कशाला गेलो होतो, हे सांगावं लागलं असतं.

काकूंना न विचारता ते विक्रीच्या जाहिरातीसाठी विमानाचे फोटो काढायला गेले होते. काच फुटली तेव्हा गाडी रिकामी होती आणि ते शेपटीपाशी उभे होते. त्यांना साधं खरचटलंही नाही.