पप्पांच्या गाडीचा धूर

मंडळी, टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते म्हणून पेट्रोलमधलं ऑईल कमी करत असाल तर थांबा. मीही हाच शहाणपणा केला होता.

पप्पा गेल्यापासून त्यांची गाडी कायमची बंद पडू नये म्हणून मी दर रविवारी ती पार्किंगमध्येच दहा मिनिटं चालू ठेवते. धुराला सोसायटी वैतागली, म्हणून दरवेळी ऑईल थोडं कमी टाकत गेले. धूर काही हटेना.

आज सकाळी अंबडला एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं.

“ताई, ऑईल कमी केलं तर इंजिन जाम होईल. ते मापात टाकायचंच. हे आत जुनं ऑईल साचलंय, उभ्या उभ्या जळणार नाही. गाडी लांब पळवा.”

लांब म्हणजे कुठे? पप्पांचं लांब एकच होतं, नांदगावला आत्याकडे. मी मागे बसायचे.

ऑईल नीट टाकून तशीच निघाले. ओझरपर्यंत मागचे गाडीवाले शिव्या घालत होते. चांदवडच्या पुढे आरशात बघितलं, तर मागचा रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता.

गाडीचा आवाज ओळखून आत्या धावतच दारात आली आणि एकदम थबकली. माझ्या डोक्यावर पप्पांचंच हेल्मेट होतं, काच खाली.

ते काढायला मी जरा जास्तच वेळ लावला.