चिंचेखालच्या माशा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका—स्वतःचाच इतका वैताग आलाय की कुठंतरी बोलावंच लागणार होतं.

राणीसावरगावला माझ्या शेतात मधाच्या पेट्या आहेत. मागच्या हिवाळ्यात पेट्यांतून नव्या निघणाऱ्या माशांचे पंख चुरगळलेले दिसायला लागले. उडता येईना, पेटीपुढं नुसत्या सरपटायच्या. परभणीतल्या ओळखीच्या मधपाळाला फोन केला. तो म्हणाला, हा विषाणू आहे, रानमाशांनाही लागू शकतो. माशांना खायला देतोस तो साखरेचा पाक उघड्यावर ठेवू नको, पेटीच्या आतच दे.

आणि मी काय केलं? घमेल्यात उघडाच ठेवला. एकेक पेटी उघडायचा कंटाळा—दुसरं काही नाही. बांधापलीकडं माझ्या चुलतबहिणीची, सुमनताईची चिंच. तिच्यावर आग्या मोहळं. त्या रानमाशा माझ्या आजारी माशांसोबत त्याच घमेल्यातला पाक पीत होत्या. मी बघत होतो. रोज बघत होतो.

ताईनं कांद्याचं बी धरलं होतं. गोंडे फुलले, अन् नेमकी तेव्हाच मोहळं रोडावली. परागीकरणाला माशाच उरल्या नाहीत, बी भरलंच नाही.

शेजारच्या दत्तरावनं त्याच दिवसांत फुललेल्या करडईवर मावा किडीचं औषध फवारलेलं. ताईनं आम्हा दोघांनाही चिंचेखाली बोलावलं.

"यानंच मारल्या. तुला माशांतलं कळतंय, तूच सांग."

दत्तराव मान खाली घालून उभा. मी वाकून बघितलं. मातीत एक आग्या माशी सरपटत होती—पंख चुरगळलेले. तिच्यावर पाय ठेवला.

"औषधच दिसतंय," मी म्हणालो.

माझ्याच पेट्यांतून रोग गेला, हे पक्कं कुणी सांगावं? तपासलं कुणीच नाही. पण मी तरी का तपासून घेतलं नाही? घाबरलो म्हणूनच ना?

ताईच्या अन् दत्तरावच्या घराचं बोलणं तुटलं. यंदा दत्तरावनं फुलोऱ्यात फवारलंच नाही. माव्यानं करडई काळी पडली, हाती काही लागलं नाही. परवा पालमच्या स्टँडवर भेटला. एसटी यायची होती.

"माझ्यापायी ताईचं बी गेलं गड्या," तो म्हणाला. "लय वाईट झालं. मनातून जाईनाच."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं एखाद्याच्या हातून."